हाताने गुंडाळलेले गिटार पिकअप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग. तो गुंडाळण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ज्यांनी स्वतः कधी बॉबिन (जिच्यावर तार गुंडाळतात ती रिळासारखी चौकट) हातात धरली आहे त्यांनी थेट प्रश्न ४ पासून वाचलं तरी चालेल. गोंधळ नको म्हणून गिटारच्या तारेला सगळीकडे ‘स्ट्रिंग’ म्हटलं आहे आणि कॉइलच्या तारेला ‘तार’. आकडे सहा स्ट्रिंगच्या इलेक्ट्रिक गिटारचे आहेत, बेसचे नाहीत.

१. पिकअपमध्ये नेमकं असतं काय? आणि एवढी तार कशासाठी?

चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, म्हणजे कॉइल; मूळ सामान एवढंच. चुंबकामुळे वरची स्टीलची स्ट्रिंग स्वतःही थोडी चुंबक बनते. ती हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व ते हेच. एका वेढ्यात तयार होणारं व्होल्टेज नगण्य असतं, म्हणून हजारो वेढे एकापाठोपाठ जोडायचे. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात ‘स्ट्रॅट’) गिटारच्या एका पिकअपमध्ये साधारण आठ हजार वेढे असतात. ती तार सरळ केली तर एक किलोमीटरहून लांब भरेल.

२. जास्त वेढे म्हणजे जास्त आवाज ना? मग बॉबिन भरेपर्यंत का गुंडाळत नाही?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि पिकअपचा सगळा स्वभाव याच्या उत्तरात आहे.

वेढे वाढले की आउटपुट वाढतं, पण त्याचबरोबर इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइल करते तो विरोध) वाढतो, आणि तो वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हा इंडक्टन्स, कॉइलचा स्वतःचा कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याची क्षमता) आणि गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंतच्या केबलचा कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स तयार होतो. म्हणजे एका ठरावीक फ्रिक्वेन्सीपाशी आवाज उठून येतो आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने उतरत जातं. बहुतेक पिकअपचं हे शिखर २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पडतं, आणि आपला कान नेमका याच पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो.

आता हिशेब बघा. आठ हजार वेढ्यांच्या पिकअपवर आठशे वेढे आणखी चढवले, म्हणजे १० टक्के वाढ केली. आउटपुट वाढलं जेमतेम ०.८ डेसिबल, एवढा फरक डोळे मिटून ओळखणं अवघड आहे. इंडक्टन्स मात्र २१ टक्क्यांनी वाढला आणि शिखर ४२०० हर्ट्झवर असेल तर ३८०० च्या आसपास उतरलं. हा फरक कोणालाही ऐकू येतो : वरची चमक कमी होते, मिड्स (मधल्या फ्रिक्वेन्सी) पुढे येतात, पिकचा ‘टक्’ गोल होतो. वेढ्यांनी आवाजाचा रंग जितका बदलतो तितकी पातळी बदलत नाही. म्हणून गुंडाळणारा ‘किती जोरात’ यापेक्षा ‘शिखर कुठे’ हे आधी ठरवतो. बॉबिन काठोकाठ भरली तर शिखर इतकं खाली येतं की अ‍ॅम्पचा ट्रेबल पूर्ण उघडूनही ती चमक परत येत नाही, कारण जे पिकअपमधून निघालंच नाही ते अ‍ॅम्प कुठून आणणार?

३. माझ्या पिकअपवर मल्टिमीटर ७.२ किलोओहम दाखवतो. चांगला आहे का?

या एका आकड्यावरून सांगता येत नाही. मल्टिमीटर तारेचा रोध मोजतो, म्हणजे तार किती लांब आणि किती बारीक आहे एवढंच सांगतो. बारीक तारेचे कमी वेढे आणि जाड तारेचे जास्त वेढे यांचा रोध अगदी सारखा येऊ शकतो, आणि आवाज मात्र पूर्ण वेगळे निघतात. रोधाचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो : कॉइल तुटली आहे का ते बघायला, आणि एकाच तारेच्या, एकाच आकाराच्या दोन पिकअपची तुलना करायला. आवाजाचा अंदाज हवा असेल तर इंडक्टन्स मोजा. तो मोजणारे एलसीआर मीटर आता फार महाग राहिलेले नाहीत. ढोबळमानाने स्ट्रॅटचा पिकअप २.२ ते २.६ हेन्री असतो आणि जुन्या धाटणीचा हमबकर (दोन कॉइलचा पिकअप, प्रश्न ११) ४ ते ४.५ हेन्री.

आणखी एक : तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला जवळजवळ ०.३९ टक्के. २० अंशांवर ६.० भरलेला पिकअप नागपूरच्या मे महिन्यात ४० अंशांवर ६.४७ दाखवेल. ‘कागदावर ६.० लिहिलंय, मला ६.४ मिळाला’ अशी तक्रार करण्याआधी खोलीचं तापमान बघा.

४. मी बाजारातून ४२ नंबरची तार आणली, पण तीन हजार वेढ्यांतच बॉबिन भरली. काय चुकलं?

तुम्ही वेगळ्याच मापाची तार आणलीत. पिकअपची सगळी माहिती अमेरिकन गेजमध्ये, म्हणजे एडब्ल्यूजीमध्ये असते. त्यात ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे मोटार रिवाइंडिंगवाले आणि तारेचे दुकानदार ब्रिटिश गेज, म्हणजे एसडब्ल्यूजी वापरतात, आणि त्यात ४२ म्हणजे ०.१०२ मिलिमीटर. छेदाच्या हिशेबाने ती तार अडीचपटीहून जाड झाली.

दुकानात ‘४६ एसडब्ल्यूजी’ मागा. ती ०.०६१ मिलिमीटरची, अमेरिकन ४२ च्या सगळ्यात जवळची. ४७ एसडब्ल्यूजी ही अमेरिकन ४४ इतकी पडते. अमेरिकन ४३, जी फेंडरच्याच टेलीकास्टर गिटारच्या नेक (गळ्याजवळच्या) पिकअपला लागते, तिच्या तोडीचं एसडब्ल्यूजीत काही नाही. ती मागवावीच लागते. त्याहून चांगलं म्हणजे नंबर बोलूच नका, मिलिमीटर सांगा आणि मायक्रोमीटरने मोजून घ्या. मोजताना तारेवरच्या इनॅमलच्या लेपाची जाडीही धरली जाते हे लक्षात असू द्या. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत विचारताना लहान रीळ मिळेल का तेही विचारा. एवढी बारीक तार बरेचदा मोठ्या रिळातच येते.

५. प्लेन इनॅमल, फॉर्मवार, पॉली... लेप बदलल्याने आवाज बदलतो?

बदलतो, पण लेपाच्या रसायनामुळे नाही, जाडीमुळे. जाड लेपाने वेढे एकमेकांपासून थोडे दूर राहतात. कॉइल फुगते, तिचा कपॅसिटन्स जरासा कमी होतो आणि बाहेरचे वेढे लांबीने मोठे होतात. पन्नाशीच्या दशकातल्या स्ट्रॅटमध्ये जाड लेपाची, सोनेरी दिसणारी फॉर्मवार तार होती. साठीच्या मध्यात फेंडर काळसर तपकिरी प्लेन इनॅमलकडे वळलं. गिब्सन कंपनीच्या जुन्या हमबकरमध्येही प्लेन इनॅमलच आहे. फरक सूक्ष्म आहे. वेढे आणि चुंबक जमल्यावर, शेवटचा हात म्हणून लेपाचा विचार करावा.

कामाच्या दृष्टीने मात्र मोठा फरक आहे. पॉलीयुरेथेनचा लेप गरम सोल्डरिंग आयर्नने जळून जातो. फॉर्मवार आणि प्लेन इनॅमल बारीक सँडपेपरने हलक्या हाताने घासावं लागतं, नाहीतर सोल्डर वरवर चिकटतं आणि महिनाभरात पिकअप मुका होतो.

६. स्कॅटर वाइंडिंग म्हणजे काय? हाताने गुंडाळलेला पिकअप खरंच वेगळा वाजतो का?

यंत्रावर तार शिस्तीत, वेढ्याला वेढा लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. हाताने सोडताना ती थोडी तिरकी, थोडी पुढेमागे पडते. पतंगाचा मांजा फिरकीवर भरताना तो आडवातिडवा बसतो, तसंच. त्यामुळे शेजारशेजारच्या वेढ्यांमध्ये फट राहते आणि कॉइलचा अंतर्गत कपॅसिटन्स घटतो. याला स्कॅटर म्हणतात.

फेंडरच्या सुरुवातीच्या काळात बॉबिन मोटरवर फिरायची, पण तार कामगाराच्या बोटांतून जायची. म्हणून त्या काळचे दोन पिकअप तंतोतंत सारखे नसतात. १९५६ साली तिथे कामाला लागलेल्या अबिगेल इबारा यांच्या हातच्या पिकअपना पुढे संग्राहकांनी नावानिशी शोधलं, ते याच कामामुळे.

आता माझं मत. स्कॅटरने कॉइलचा कपॅसिटन्स काही दहा पिकोफॅरॅडनी बदलतो. केबल एकटी पाचशे पिकोफॅरॅड घालते (प्रश्न ७ पाहा). तेव्हा ‘स्कॅटरमुळे जादू झाली’ असं कोणी सांगितलं तर मी ते मानत नाही. हातकामाचं मोल दुसरीकडे आहे. गुंडाळणारा या गिटारसाठी, या वादकासाठी ७८०० वर थांबायचं की ८२०० वर हे ठरवू शकतो, ताण तारेच्या रिळाप्रमाणे बदलू शकतो, आणि तिन्ही पिकअपचं एकमेकांशी जमवू शकतो. चांगल्या यंत्रावर चांगल्या माणसाने गुंडाळलेला पिकअपही उत्तमच असतो.

७. तोच पिकअप घरी चमकदार आणि रिहर्सलला दबलेला वाजतो. कॉइल खराब झाली का?

आधी केबल बघा. साधारण केबलचा कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरॅडच्या आसपास असतो. २.४ हेन्रीच्या पिकअपला पाच मीटरची केबल लावली, त्यात कॉइल आणि वायरिंगचे शंभरेक पिकोफॅरॅड मिळवले, तर शिखर सुमारे ४२०० हर्ट्झवर येतं. तीच केबल दहा मीटरची केली तर ते ३१०० वर उतरतं. आणि ४.४ हेन्रीच्या हमबकरचं पाच मीटर केबलवरचं शिखरही ३१०० च्याच जवळ असतं. थोडक्यात, लांब केबलने तुमच्या स्ट्रॅटचं शिखर हमबकरच्या जागी नेऊन ठेवलं. नवा पिकअप घेण्याआधी छोटी केबल लावून एकदा वाजवाच. व्हॉल्यूमच्या बटणाखालचा पॉटही (कमीजास्त होणारा रोध) तपासा : सिंगल कॉइलला (एका कॉइलच्या पिकअपला) २५० किलोओहम आणि हमबकरला ५०० हा रिवाज आहे. हमबकरला २५० चा बसवला तर शिखर चपटं होतं.

८. गुंडाळताना ताण किती ठेवायचा?

तार ढिली पडू नये आणि ताणलीही जाऊ नये, इतका. तांबं मऊ असतं. जास्त ओढलं की ते लांबतं, बारीक होतं, आणि तेवढ्याच वेढ्यांत रोध जास्त येतो. घट्ट कॉइल आतल्या बाजूने चुंबकांवर दाबही टाकते, मग लेप खरवडला जाऊन शॉर्ट होण्याची भीती. ढिल्या कॉइलमध्ये वेढे हलतात, पिकअप माइकसारखा बाहेरचा आवाज पकडतो आणि मायक्रोफोनिक शिट्टी येते (प्रश्न १२). दोन बोटांमध्ये फेल्टचा तुकडा धरून त्यातून तार सोडावी. किती दाब द्यायचा ते बोटांना सवयीनेच समजतं. तपासणी सोपी आहे : तेवढ्याच वेढ्यांत, त्याच तारेत, त्याच तापमानाला रोध प्रत्येक वेळी जवळजवळ सारखा आला की हात बसला.

९. चुंबक कोणता घ्यावा? अल्निको २, ३, ५ की सिरॅमिक?

अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा लोखंडाशी मिश्रधातू. त्यातल्या ३ नंबरात मात्र कोबाल्ट नसतो. ५ सगळ्यात जोरकस : आवाज ताठ, बास घट्ट. २ आणि ३ मवाळ, पिकचा घाव थोडा गोल. सिरॅमिक आणखी जोरकस आणि स्वस्त. त्याला ‘हलका माल’ म्हणून हिणवलं जातं ते चूक आहे. जास्त वेढ्यांच्या पिकअपमध्ये तो आवाजाला धार देतो.

फार जोरकस चुंबक स्ट्रिंगच्या अगदी जवळ आणला तर तो स्ट्रिंगला ओढून धरतो. वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो, सस्टेन (सूर टिकून राहणं) तुटतो. अशा वेळी आधी स्क्रू फिरवून पिकअप खाली करा.

१०. पी-९० आणि स्ट्रॅट, दोन्ही सिंगल कॉइल, तार तीच. मग आवाजात एवढं अंतर का?

आकारामुळे. स्ट्रॅटची कॉइल उंच आणि अरुंद, चुंबक थेट तिच्या मधोमध उभे. गिब्सनने १९४६ मध्ये आणलेल्या पी-९० ची कॉइल बुटकी आणि पसरट, दहा हजारांच्या आसपास वेढ्यांची. तिच्या मध्यात स्टीलचे स्क्रू आहेत आणि चुंबक खाली आडवे. स्टीलमुळे इंडक्टन्स बराच वाढतो आणि स्टीलमध्ये निर्माण होणारे भोवरा-प्रवाह वरची चमक थोडी खातात. फेंडरच्या जॅझमास्टरची (१९५८) कॉइलही पसरट आहे, पण मध्ये अल्निकोच्या कांड्या आहेत, म्हणून तो पी-९० सारखा वाजत नाही. धातूच्या कव्हरलाही हाच नियम : निकेल-सिल्व्हरचं कव्हर फारसं काही खात नाही, जाड पितळेचं खातं.

११. सिंगल कॉइल घूं घूं करते. गुंडाळण्यातच यावर उपाय आहे का?

आहे, पण दोन कॉइल एकत्र वाजत असतील तेव्हाच. खोलीतल्या ५० हर्ट्झच्या विजेचा हम कॉइलमध्ये शिरतो तेव्हा त्याची दिशा फक्त गुंडाळण्याच्या दिशेवर ठरते. स्ट्रिंगच्या सिग्नलची दिशा मात्र गुंडाळणं आणि चुंबकाचा ध्रुव या दोन्हींवर ठरते. म्हणून मधल्या पिकअपमध्ये दोन्ही उलटे केले की सिग्नल जुळतात आणि हम एकमेकांना मारतात. पाच जागांच्या स्विचवर २ आणि ४ नंबरला गिटार शांत होते ती यामुळे. १९५४ च्या मूळ स्ट्रॅटमध्ये ही सोय नव्हती.

सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये हेच तत्त्व एकाच पिकअपमध्ये बसवलं. १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज, १९५९ मध्ये मंजुरी. मधल्या काळातल्या हमबकरवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ची चिठ्ठी असायची, म्हणून ते पीएएफ. त्यांच्या वेढ्यांत सारखेपणा नव्हता. रोध साधारण ७ ते ९ किलोओहममध्ये कुठेही सापडतो. दोन कॉइलचे वेढे असमान राहिले की हम पूर्ण मरत नाही, पण आवाजात मोकळेपणा येतो. आज बरेच जण मुद्दाम तसं गुंडाळतात.

स्ट्रिंगला हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर मात्र दोष शील्डिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये शोधा. घरातल्या प्लगला अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. हा जिवाचा प्रश्न आहे.

१२. मेणात बुडवणं गरजेचं आहे का?

मोठ्या आवाजात, गेन (अ‍ॅम्पमध्ये सिग्नल वाढवण्याची पातळी) वाढवून वाजवणार असाल तर हो. मेण वेढ्यांच्या फटीत शिरून त्यांना जागच्या जागी धरतं, म्हणून प्रश्न ८ मधली शिट्टी येत नाही. पॅराफिनमध्ये पाचवा हिस्सा मधमाश्यांचं मेण मिसळा, म्हणजे ते ठिसूळ राहत नाही. ६० ते ६५ अंश पुरे. त्याहून गरम केलं तर प्लास्टिकची बॉबिन वाकते. गरम पाण्यात दुसरं भांडं ठेवूनच वितळवा, थेट गॅसवर कधीही नाही. बुडबुडे येणं थांबलं की पिकअप बाहेर काढायचा. मूळ पीएएफ मेणात बुडवलेले नव्हते, म्हणून हलक्या गेनवर वाजवणारे काही जण मुद्दाम बिनमेणाचा मागतात. ती आवड रास्त आहे.

१३. तीनही पिकअप सारखेच गुंडाळले तर?

ब्रिजचा (घोडीजवळचा) पिचका आणि नेकचा भारी वाटेल. ब्रिजपाशी स्ट्रिंग कमी हलते. म्हणून ब्रिजला काही शे वेढे जास्त देतात आणि उरलेला फरक उंची लावून भरून काढतात.

१४. नवा पिकअप जुन्याबरोबर लावला की आवाज पातळ, नाकातला येतो. सोल्डर करण्याआधी हे कळू शकतं का?

दोघांचे सिग्नल उलट आहेत. काट्याचा मल्टिमीटर पिकअपच्या दोन वायरींना लावा, पोलवर (स्ट्रिंगखालच्या चुंबकाच्या किंवा स्क्रूच्या टोकावर) स्क्रू-ड्रायव्हर टेकवा आणि झटकन उचला. काटा कोणत्या बाजूला उडतो ते बघा आणि दुसऱ्या पिकअपवर हेच करा. दोन्ही एकाच बाजूला उडाले तर जोडायला हरकत नाही. उलट आले तर एकाच्या दोन वायरी अदलाबदल करा. मात्र ज्याचं धातूचं कव्हर किंवा तळपट्टी अर्थच्या वायरीला जोडलेली असते, त्याची ती जोडणी आधी वेगळी करावी लागते. चुंबकाचा ध्रुव साध्या होकायंत्राने कळतो. हम मारण्याची सोय हवी असेल तर प्रश्न ११ प्रमाणे दोन्ही गोष्टी जुळवा.

१५. कॉइल टॅप आणि कॉइल स्प्लिट एकच ना?

नाही. स्प्लिट म्हणजे हमबकरच्या दोनपैकी एक कॉइल बंद करणं. टॅप म्हणजे एकाच कॉइलमधून मध्येच, समजा साडेसात हजार वेढ्यांवर, एक वायर बाहेर काढून पुढे आणखी गुंडाळणं. स्प्लिट करताना हम परत येतो. टॅपचा हमशी संबंध नाही. टॅप गुंडाळतानाच ठरवावा लागतो, नंतर काढता येत नाही.

१६. कोकणात राहतो. दोन पावसाळ्यांत पिकअप बंद पडला. वाचेल का?

बरेचदा वाचतो. दमट, खारट हवेत ही तार जोडाच्या ठिकाणी हिरवी पडून तुटते. मीटर काहीच दाखवत नसेल पण अगदी पातळ, लांबून आल्यासारखा आवाज येत असेल, तर तार कुठेतरी तुटलेली आहे. बाहेरचं टोक तुटलं असेल तर काही वेढे सोडून नव्याने जोडता येतं. आतलं, सुरुवातीचं टोक गेलं तर पूर्ण रिवाइंड करावं लागतं. नव्याने गुंडाळताना चुंबकाच्या कांड्यांना आधी लॅकरचा हात द्या आणि नंतर मेण द्या. समुद्रकाठी मी बिनमेणाचा पिकअप सुचवत नाही. जुना, मौल्यवान पिकअप असेल तर उलगडताना वेढे मोजा आणि दिशा लिहून ठेवा. चालू असलेला जुना पिकअप मात्र ‘ताजा करायला’ म्हणून कधीही उलगडू नका.

१७. घरच्या घरी यंत्र बनवता येईल का?

येईल. शिवणयंत्राची मोटर आणि तिचं पायाचं पेडल उत्तम चालतं, कारण दोन्ही हात तारेसाठी मोकळे राहतात. मोजणीसाठी फिरत्या चकतीवर छोटा चुंबक आणि समोर रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा); तो साध्या कॅल्क्युलेटरच्या ‘=’ बटणाला जोडून १ + १ दाबलं की प्रत्येक फेरीला आकडा पुढे जातो. फार वेगात कॅल्क्युलेटर फेऱ्या चुकवतो, म्हणून हळू चालवा. तार कडेबाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना अडसर हवेत. आणि काम करताना पंखा बंद ठेवा. एवढी बारीक तार वाऱ्याच्या झुळकेनेही सुटते.

१८. असा पिकअप अकूस्टिक गिटारवर किंवा सतारीवर चालेल का?

स्ट्रिंगमध्ये लोखंड किंवा स्टील असेल तरच. नायलॉनवर काहीच येणार नाही. अकूस्टिकच्या ब्राँझ स्ट्रिंगचा गाभा स्टीलचा असतो, त्यामुळे आवाज येतो, पण वरच्या दोन साध्या स्टीलच्या स्ट्रिंग बाकीच्यांपेक्षा जोरात वाजतात. तिथे पोल वरखाली करता येणारा पिकअप हवा आणि दुसऱ्या स्ट्रिंगखालचा पोल बराच खाली. सतारीवर बाजाची तार, चिकारी आणि तरफा पोलादी असतात, त्या ऐकू येतील. पितळेच्या किंवा ब्राँझच्या तारा जवळजवळ गप्प राहतील. शिवाय सतारीचा निम्मा आवाज जवारीतून आणि भोपळ्यातून येतो, आणि तो या कॉइलला ऐकूच येत नाही. सतारीसाठी घोडीजवळ बसणारा कॉन्टॅक्ट पिकअप किंवा चांगला माइक वापरा.